पाटाच्या पाण्यामागून आलेला वाघ

नगर जिल्ह्यात प्रवरा नदीच्या पट्ट्यात बिबट्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: हा आला कुठून? कुणी सांगतं, रात्री गाडीतून आणून सोडला. कुणी म्हणतं, जंगल तुटलं म्हणून खाली उतरला. माझी सगळी नोकरी साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात गेली. आधी चिटबॉय होतो, पुढं ऊसनोंदी घेणारा मदतनीस झालो. ज्या उसात हा प्राणी राहतो त्या उसाची लागणीची तारीख, जात, क्षेत्र, पाण्याची सोय हे सगळं माझ्या वहीत असायचं. म्हणून मी या प्रश्नाचं उत्तर जंगलात शोधत नाही. ते पाटबंधाऱ्याच्या आणि साखरेच्या इतिहासात आहे.

नगर जिल्हा, आता अहिल्यानगर, मुळात उघड्या माळाचा. पश्चिमेला अकोले तालुक्याचं डोंगराळ डांगाण सोडलं, तर कळसूबाई-हरिश्चंद्रगडाची रांग उतरली की गवत, कुसळं, बोरी-बाभळी आणि मेंढरांचे कळप. या माळाचा धनी बिबट्या नव्हता, लांडगा होता. त्याच्या जोडीला तरस, कोल्हा, काळवीट, माळढोक. धनगरांची पोरं लांडग्याला भीत, आणि रात्री वाड्याभोवती कुत्री राखणीला असत. इंग्रज सरकार लांडगा, बिबट्या, वाघ मारणाऱ्याला बक्षीस देई. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अंदाजानं 1875 ते 1925 या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात 80 हजारांवर वाघ, दीड लाखावर बिबटे आणि दोन लाख लांडगे असे बक्षिसासाठी मारले गेले. त्या यादीतला लांडगा आमच्या भागातून हटला तो मात्र फक्त बंदुकीनं नाही. त्याचा माळच नांगरला गेला.

ते काम पाटानं केलं. रतनगडाच्या पायथ्याशी उगम पावणाऱ्या प्रवरेवर भंडारदऱ्याला धरण बांधायला 1910 मध्ये सुरुवात झाली, आणि 1926 मध्ये ते पुरं झालं. त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव धरणाला मिळालं. हेतू दुष्काळ हटवण्याचा होता. 1896 पासूनच्या चार-पाच वर्षांत या मुलखानं जे भोगलं ते सरकारदरबारीही विसरलं गेलं नव्हतं. धरणातलं पाणी नदीनं खाली ओझरच्या बंधाऱ्याला येतं, तिथून डावा आणि उजवा असे दोन पाट फुटतात. संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासा या तालुक्यांच्या जमिनीनं पहिल्यांदा बारमाही पाणी पाहिलं ते या पाटांवर.

पाणी आलं की ऊस येतो. आधी हरेगावला बेलापूर कंपनीचा खासगी कारखाना निघाला. मग लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी, धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांच्या साथीनं, शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना उभा केला. 1950 च्या अखेरीला त्याचं पहिलं गाळप सुरू झालं. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून त्याचं कौतुक शाळेच्या पुस्तकातही आहे. पुढं संगमनेर, राहुरी, कोपरगाव, श्रीरामपूर करत करत नव्वदच्या दशकात अकोल्यापर्यंत धुराडी पोचली. हे शेवटचं पाऊल माझ्या विषयाच्या दृष्टीनं महत्त्वाचं. तोवर ऊस खाली होता आणि बिबट्या वर डांगाणात होता. अकोल्यात ऊस आला आणि दोघांची शीव एक झाली.

आता ऊस म्हणजे काय ते शेतकी खात्याच्या नजरेनं सांगतो. आमच्याकडं पाण्याची हमी असलेला शेतकरी आडसाली लागण करतो. जुलै-ऑगस्टला टिपरी सरीत पडते आणि पुढच्या वर्षीच्या दिवाळीनंतर तोड येते. सोळा ते अठरा महिने ते रान हलत नाही. उसाची जात आधी को 740 होती, मग को 86032 आली. बांधणी झाली, पाला वाढला की आत माणूस शिरत नाही, कारण शिरायचं कारणच उरत नाही. खाली पाचटाचा बिछाना, उन्हाळ्यातही गारवा, सरीला पाणी, रानडुक्कर, ससा, उंदीर, घुशी. उसाला लागून वस्ती. वस्तीवर गोठा, शेळ्या, कोंबड्या आणि चार-दोन कुत्री.

बिबट्याची मादी सुमारे तीन महिने गाभण राहते, दोन-तीन पिल्लं देते. पिल्लांचे डोळे उघडायला आठवडा-दहा दिवस लागतात. तोवर ती आंधळी गोळ्यासारखी पडून असतात आणि आईला शिकारीसाठी त्यांना टाकून जावं लागतं. पुढं दीड-पावणेदोन वर्षं ती आईबरोबर राहतात, शिकतात आणि मग वेगळी होतात. आडसाली उसाचं आयुष्य आणि पिल्लांचं आईजवळचं आयुष्य जवळजवळ एका मापाचं आहे. कृषी विद्यापीठानं आडसालीची शिफारस करताना हा हिशेब केला नव्हता हे उघड आहे, पण उसातच डोळे उघडलेल्या मादीला बाळंतपणाची जागा म्हणून ऊसच ठाऊक असतो. अशा मादीच्या दोन-तीन पिढ्या झाल्या की तिला जंगलातून आलेली म्हणण्यात अर्थ राहत नाही. ती इथलीच. आमच्या लोकांनी तिला बिबट्या म्हणायचं फार उशिरा शिकलं. बोलण्यात अजून वाघच आहे, आणि मीही पुढं तसंच लिहीन.

पिल्लं सापडतात ती तोडीत. फड तोडायची एक रीत आहे. ऊसतोडीची टोळी बाहेरून आत येते आणि शेवटी मधोमध एक पट्टी उभी राहते. रानातलं जे काही जिवंत असेल ते त्या पट्टीत गोळा झालेलं असतं. ससे, मुंगूस, साप, आणि कधी ही पिल्लं. संगमनेर तालुक्यातल्या एका फडावर मी वाहनांचा हिशेब करत उभा होतो. पाथर्डीकडची टोळी होती. पहाटेच्या थंडीत कोयते चालले होते, बायका मोळ्या बांधत होत्या. एक म्हातारी बाई पाचट ओढता ओढता थांबली आणि शांतपणे म्हणाली, "भाऊ, वाघाची पोरं हायेत." तिघं होती. मांजराएवढी, अंगावरचे ठिपके अजून धूसर, कान दुमडलेले. एकानं बोटाला तोंड लावलं. तरुण पोरं मोबाइल काढायला धावली तशी म्हातारीनं त्यांना कोयता दाखवून मागं सारलं. मुकादम अस्वस्थ, कारण गाडी भरायची राहिली होती आणि कारखान्याची गव्हाण कुणासाठी थांबत नाही. मालक म्हणाला, पोरं घेऊन जा, माझा ऊस मोकळा करा. म्हातारी म्हणाली, "आई माघारी आली आणि पोरं नसली तर ती कुनाला धरंल?"

वनखात्याची माणसं आली. त्यांनी टोमॅटोचं एक प्लॅस्टिकचं क्रेट मागितलं. आमच्या भागात ते प्रत्येक बांधावर सापडतं. पिल्लं त्यात ठेवली आणि तिन्हीसांजेला जिथं सापडली तिथंच क्रेट नेऊन ठेवलं. तोड बंद, कुत्री बांधलेली, माणसं वस्तीवर. पिल्लांची आई रात्री आली. क्रेट लवंडून एकेक पिल्लू मानगुटीला धरून शेजारच्या खोडव्यात नेलं. सकाळी क्रेट उपडं होतं आणि ओल्या सरीत तिचे पंजे जात-येत उमटले होते. ही पद्धत आता जुन्नर-संगमनेर पट्ट्यात सरावाची झाली आहे. वनखातं आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातली माणसं अशा पुष्कळ आया-पिल्लांची गाठ घालून देतात. मला त्यात भूतदयेपेक्षा शहाणपण अधिक दिसतं. म्हातारीनं कोणतंही पुस्तक न वाचता नेमकं तेच सांगितलं होतं.

तिचं शहाणपण कुठून आलं याचा विचार करताना मला मामाचं गाव आठवतं. आई डांगाणातली, राजूरच्या वरची. तिकडं डांगी बैल, भात, नाचणी आणि गावाच्या शिवेवर वाघोबा. एक उभा दगड, त्यावर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य, सगळं शेंदरानं माखलेलं. महादेव कोळी आणि ठाकर यांच्या वस्त्यांना हा देव हवाच. खाली आम्ही वसुबारस करतो त्याच दिवशी वर वाघबारस असते. गुराखी पोरं घरोघर फिरून तांदूळ, दूध, गूळ मागतात आणि वाघोबापुढं खीर शिजते. काही वाड्यांवर पोरांपैकी एकाला वाघ करतात, एकाला अस्वल, एकाला कोल्हा. मग बाकीची त्यांना घेरून विचारतात, आमच्या शिवारात येशील का? ती नाही म्हणतात आणि पळतात, बाकीची मागं लागतात. लहानपणी मला नेहमी अस्वल व्हायला मिळे, कारण मी जाडा होतो आणि वाघ होण्याचा मान गावच्याच पोरांचा.

लोक याला अंधश्रद्धा म्हणून सोडून देतात. मी त्यात करार पाहतो. वाघोबाला नैवेद्य देणारा माणूस वाघ नाहीसा व्हावा असं मागत नाही. तू तुझ्या जागी राहा, आमची गुरं सोड, एखादं गेलं तर तुझा वाटा समजू, एवढंच. गोठ्यातून वासरू गेलं की मामा चिडे, शिव्या देई, पण रानात विष घालायला निघत नसे. शिवाय तिथली राहणीही कराराला धरून होती. गुरं रात्री घरातच, माणसाच्या पडवीला लागून, दाराला अडसर. पोरं दिवेलागणीनंतर अंगणातही नाहीत. देव, गोठा आणि वेळा हे तिन्ही मिळून ती व्यवस्था होती. खाली पाटावर आम्ही ऊस घेतला, पैसा घेतला, वाघही आला, पण ही व्यवस्था काही वरून खाली आली नाही. आमच्याकडं त्या जागी पिंजरा आला.

पिंजऱ्याचा इतिहास लहान आहे आणि वाईट आहे. शेजारच्या जुन्नर वनविभागात 2001 पासून वाघ धरून लांबच्या जंगलात सोडण्याची मोहीम जोरात चालली. तीन वर्षांत शंभरावर धरले, त्यातले कित्येक दूर नेऊन सोडले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या काळाचा हिशेब मांडला तो 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. मोहिमेआधी वर्षाला सरासरी 4 हल्ले होत; मोहीम सुरू झाल्यावर 17 झाले. त्यातल्या जीवघेण्या हल्ल्यांचा वाटा 18 टक्क्यांवरून 36 टक्क्यांवर गेला. कारण समजायला अवघड नाही. वाघाची हद्द असते, ती तो मुतून, नखं ओढून राखतो. शेजारच्याला तो ओळखतो, माणसांच्या वेळा ओळखतो. त्याला उचलला की जागा रिकामी पडते, तिथं दोन नवखे तरुण भांडत येतात. आणि ज्याला परक्या मुलखात सोडला तो भेदरलेला, दुखावलेला, घराच्या दिशेनं निघालेला असतो.

तो किती चालतो हे आमच्याच जिल्ह्यातल्या एका म्हाताऱ्या वाघानं दाखवलं. 2009 च्या उन्हाळ्यात पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला एक नर विहिरीत पडला. त्याला वर काढला, अत्रेय यांच्या चमूनं गळ्यात जीपीएस पट्टा घातला, नाव ठेवलं आजोबा, आणि माळशेज घाटात सोडला. आजोबा काही आठवड्यांत सुमारे 120 किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोचला. वाटेत रेल्वेमार्ग, हमरस्ते, वसईची खाडी. वाटेत कुणालाही त्यानं इजा केली नाही. बहुतेकांना तो गेल्याचं कळलंही नाही. 2011 मध्ये मुंबईजवळच्या रस्त्यावर गाडीच्या धडकेनं तो मेला. अंगातल्या चिपवरून ओळख पटली. त्याच्यावर 2014 मध्ये सुजय डहाके यांनी ‘आजोबा’ नावाचा चित्रपट काढला, उर्मिला मातोंडकर त्यात होत्या. पारनेरच्या विहिरीत पडलेल्या जनावराच्या वाट्याला एवढं नाव क्वचितच येतं.

निवृत्तीनंतर हा विषय वाचायला घेतला तेव्हा अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या ग्रिझली अस्वलांची गोष्ट समोर आली आणि मला ती ओळखीची वाटली. तिथं हॉटेलांचं खरकटं उकिरड्यांवर पडे, अस्वलं त्यावर जमत, लोक बघायला येत. फ्रँक आणि जॉन क्रेगहेड या भावांनी 1961 पासून त्यांच्या गळ्यात रेडिओपट्टे घालून ती कुठं जातात ते पाहिलं. उकिरडे बंद करायचे तर हळूहळू करा, असं त्यांचं म्हणणं होतं. 1970 च्या सुमारास ते झपाट्यानं बंद झाले. भुकेली अस्वलं छावण्यांत, वस्तीत शिरू लागली आणि पुष्कळ मारली गेली. 1975 मध्ये ग्रिझलीला कायद्याचं संरक्षण द्यावं लागलं. ती पुन्हा सावरायला दशकं गेली, कारण ग्रिझलीची मादी पाच-सहा वर्षांची झाल्यावर पहिल्यांदा विते, पुढच्या वेतापर्यंत तीनेक वर्षं जातात, आणि तिला फिरायला शेकडो चौरस किलोमीटर लागतात. आमची वाघीण याच्या उलट. पट्टे घातलेल्या पिल्लंवाल्या माद्यांचा वावर 8 ते 15 चौरस किलोमीटरांत सापडला. म्हणजे दोन-चार गावांची शिवारं. ग्रिझलीला माणसानं जागा सोडावी लागते, वाघाला माणसाच्या सावलीत जागा होते. पण उकिरड्याचं गणित दोन्हीकडं एकच. खायला घालायचं आपण आणि आला म्हणून ओरडायचंही आपण.

अकोल्यात अत्रेय यांनी कॅमेरे लावून 2013 मध्ये जे मांडलं त्यानं जगभरच्या अभ्यासकांना चकित केलं. चौरस किलोमीटरला तीनशेच्या वर माणसं असलेल्या शेतीच्या मुलखात, शंभर चौरस किलोमीटरला पाचेक वाघ आणि तेवढीच तरसं. आम्हाला त्यात चकित होण्यासारखं फारसं नव्हतं. विष्ठा तपासल्यावर कळलं की त्याच्या खाण्यात वजनानं 87 टक्के पाळीव जनावरं होती, त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा 39 टक्के आणि शेळ्यांचा 11 च्या आसपास. गावात शेळ्या कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त. तरी तो कुत्रं खातो, कारण शेळी रात्री कोंडलेली असते आणि कुत्रं मोकळं. बाजारपेठेच्या गावाबाहेर कोंबडीवाल्यांचा कचरा, त्यावर कुत्री, कुत्र्यांवर वाघ. लांडग्याला माळ लागायचा. याला उकिरडा पुरतो.

म्हणून संरक्षणाच्या नकाशात आमचा वाघ नीट बसत नाही. काळविटासाठी कर्जतजवळ रेहेकुरीला 1980 मध्ये 2.17 चौरस किलोमीटरचं अभयारण्य झालं. माळढोकासाठी 1979 मध्ये सोलापूर-नगर मिळून साडेआठ हजार चौरस किलोमीटर कागदावर आले, त्यात नेवासा, श्रीगोंदा, कर्जतही होते. पक्षी मात्र राहिला नाही. वर डांगाणात 1986 मध्ये कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झालं. वाघासाठी खाली कुणी काही राखलं नाही आणि तो वाढला. 2022 च्या गणनेत महाराष्ट्रात 1,985 बिबटे आले, पण ती मोजणी मुख्यतः जंगलांची.

आता निळवंडे धरणाचे कालवे आलेत. ज्या पाण्याची मागणी पन्नास वर्षं चालली होती ते ऑक्टोबर 2023 मध्ये डाव्या कालव्यातून जिरायत गावांत औपचारिकपणे पोचलं. त्या गावांचं भलं झालं, त्यात वाद नाही. पण तिथं आता बाजरीच्या जागी ऊस उभा राहतोय आणि पाच-सात वर्षांत काय होईल हे मी नोंदवहीवरून सांगू शकतो. 2025 च्या हिवाळ्यात आमच्या जिल्ह्यात आणि शेजारच्या शिरूर-जुन्नरात लहान मुलं गेली, रस्ते अडवले गेले, सरकारनं नसबंदीपासून जंगलात शेळ्या सोडण्यापर्यंत बरंच काही बोलून दाखवलं. ज्याचं पोर गेलं त्याला मी वाघोबाची गोष्ट सांगणार नाही. त्याचा राग खरा आहे.

माझं म्हणणं कारखान्यांशी आणि ऊसमालकांशी आहे, ज्यांत मीही मोडतो. मी पाहिलंय त्यात सर्वात उघड्यावर असतात ती टोळीची पोरं. कोप्या बांधायच्या जागा मालक आणि शेतकी खातं ठरवतं, आणि त्या बहुतेक उसाला चिकटून असतात, कारण बांधावरची पडीक जमीन फुकट मिळते. पाचटाचं छप्पर, पाचटाचं कूड, दार म्हणून गोणपाट. आईबाप पहाटे तीनला फडावर जातात, पोरं झोपलेली. बाजूला बैल, वाढं, एखादं कुत्रं. दुसरं म्हणजे रात्रीची लाइट. थ्री-फेज रात्री आली की शेतकरी एकटा वाकून सरीत दारं मोडतो, आणि वाकलेलं माणूस वाघाला माणसासारखं दिसत नाही. हवं ते एवढंच: कोप्या गावठाणात किंवा कारखान्याच्या आवारात पत्र्याखाली, दाराला कडी, शौचालय जवळ, लाइट दिवसा, कोंबडीचा कचरा खड्ड्यात. गाळप परवाना देताना साखर आयुक्तालय उसाच्या थकीत पैशांचा हिशेब मागतं. त्याच कागदावर टोळ्या कुठं उतरवल्या याचा एक रकाना घालायला नवा कायदा लागत नाही.